रेजिनबाय उघाडीवाली

खाडीवर पूल नव्हता, नांदखारला जायचं म्हटलं की वहाणा हातात घ्यायच्या आणि ओहोटीची वाट बघत बसायचं, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. किती वर्षं ते विचारू नका. गावातली सगळ्यात म्हातारी बाईसुद्धा म्हणते, माझ्या आजीने तिच्या आजीकडून ऐकली. तेव्हा नीट बसा, पाय पोटाशी घ्या, आणि मधे मधे तोंड घालू नका. ज्याला शंका असेल त्याने ती घरी न्यावी.

नांदखार हे गाव समुद्राच्या तोंडातून काढून घेतलेलं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मधे मातीचा लांबच लांब बांध. भरतीला खाडीचं पाणी शेताच्या वर चढतं, म्हणजे बांध आहे म्हणून शेत आहे, आणि शेत आहे म्हणून माणसं. त्या बांधाच्या पोटात एक लाकडी झडप होती. तिला उघाडी म्हणतात. पावसाळ्यात शेतात साचलेलं गोडं पाणी बाहेर काढायचं तर ओहोटीला झडप वर ओढायची. भरती लागली की खाली टाकायची, नाहीतर खारं पाणी आत आलंच म्हणून समजा. आणि खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची काही वर्षं भाताचं नाव काढायला नको.

ही उघाडी सांभाळायचा जुजे. जुजे आषाढात तापाने गेला. त्याला पुरून माणसं परतली तेव्हा भरती लागत होती. बायका अजून गळे काढून रडत होत्या, पुरुष उघाडी आता कोणाकडे जाणार याची कुजबूज करत होते, आणि जुजेची बायको रेजिन अंगावरच्या लुगड्यानिशी कमरेएवढ्या चिखलात उतरून झडप खाली टाकत होती.

जुजेचा धाकटा भाऊ बस्त्याव. त्याला वाटत होतं, उघाडी आता आपल्याकडे येणार. तो बांधावर उभा राहून म्हणाला, "वहिनी, हे बाईमाणसाचं काम आहे का?"

रेजिन म्हणाली, "झडपेला विचार. तिची काही तक्रार असेल तर सोडते."

झडपेची तक्रार नव्हती. बस्त्यावची मात्र होती, आणि त्याने ती पुढे पुष्कळ वर्षं जपून ठेवली. वहिनीच्या घरचं पाणीसुद्धा तो पीत नसे.

तर तेव्हापासून ती रेजिनबाय उघाडीवाली. तिच्या हातात काय जादू होती देव जाणे. बांधाला खेकडे भोकं पाडतात, ती भोकं ती अंधारात नुसत्या तळपायाने शोधायची, असं म्हणतात. ती बांधावर उभी राहून दटावायची तेव्हा खेकडे नांग्या आत घेऊन परत फिरायचे, असंही म्हणतात. खेकड्यांचं सोडा, माणसंसुद्धा फिरायची. जीभ होतीच तशी.

आता हे गाव ख्रिस्ती. गावाला एक छोटं देऊळ होतं. आमच्या भागात चर्चला देऊळच म्हणतात, त्यात कोणी नाक मुरडू नये. देवळात फादर दुआर्त होते, म्हातारे, बारीक, स्वभावाने गरीब, पण नियमाला पक्के. भरतीची वेळ रोज सरकते. कधी ती रविवारच्या मिस्सेवर यायची, कधी सणावर. तेव्हा सगळं गाव देवळात आणि रेजिनबाय चिखलात. मग सोमवारी फादरांची स्वारी बांधावर.

"रेजिन, काल मिस्सेला नव्हतीस."

"होते ना फादर. इथे होते."

"बांध म्हणजे देऊळ नव्हे."

"मग देऊळ इथे बांधायचं होतं. माझी एक खेप वाचली असती."

फादर कपाळाला हात लावून परत जायचे. पण खरं सांगायचं तर त्या बाईइतकं देवाचं वर्ष गावात कोणी पाळलं नसेल. ती ते आपल्या रीतीने पाळायची, एवढंच. आगमनकाळ आला, म्हणजे नाताळापूर्वीचे वाट बघण्याचे आठवडे आले, की ती म्हणायची, वाट बघायची म्हणजे काय ते मला नका शिकवू, मी भरतीची वाट बघत जन्म काढला. राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळाला राख लावली की ती तशीच शेतात जायची. त्याच दिवसांत शेतात राब भाजतात, पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, म्हणजे त्या राखेत पुढे रोपं जोमाने येतात. रेजिनबाय राबाची राख हातात घेऊन म्हणायची, "मातीत मिळशील असं फादर म्हणतात. मिळायलाच हवं. नाहीतर भात कशात उगवणार?" आणि सगळ्यात गंमत फादरांच्या झग्यांची. पावसाळाभर फादर हिरवा झगा घालून मिस्सा करतात. रेजिनबायची ठाम समजूत होती की बाहेर भात हिरवं असतं म्हणून फादर हिरवे. उपवासकाळात जांभळा झगा का? तर त्या दिवसांत मटण-मासळी बंद आणि घरोघरी वांगी. म्हणून वांग्याचा रंग. हे तिने एकदा फादरांना सांगितलं, तेव्हा फादर हसून हसून खाली बसले.

अशी ती बाई. आता खोताकडे येऊ.

गावची जमीन मिंगेल खोताची. खोत म्हणजे जमिनीचा धनी, आणि गावकरी त्याची कुळं. खोतही ख्रिस्तीच. देवळात पहिल्या बाकावर बसायचा, आणि तो खोकला की फादर प्रवचन थांबवायचे, एवढा त्याचा दरारा. पण जमिनीला एक जुना शब्द बांधलेला होता. जोवर शेतात भात पिकतंय तोवर कुळाला हात लावायचा नाही. शेत ओस पडलं, की जमीन खोताची मोकळी. पिढ्यान् पिढ्या भात पिकत होतं आणि खोत गप्प होते. मिंगेलच्या डोक्यात मात्र मिठागर शिरलं. पलीकडच्या काठावर त्याने मिठागर घातलं होतं, ते जोरात चाललं होतं. त्याला तसंच अलीकडे हवं होतं, आणि अलीकडे भात होतं, माणसं होती.

तो रेजिनबायकडे आला. गोड बोलला. "रेजिन, एका उधाणाला झडप वर राहिली, विसरलीस, वय झालं, कोण तुला बोलणार? तुला देवळाशेजारी घर बांधून देतो."

रेजिनबायने कुदळ जमिनीत रोवली आणि म्हणाली, "मिंगेल, तू पाळण्यात होतास तेव्हा तुझ्या आईला दूध नव्हतं. ह्या शेतातल्या तांदळाची पेज पाजून तुला वाढवलाय. मीच पाजलीय. विसरले असते तर बरं झालं असतं."

खोताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो तेव्हा काही बोलला नाही. न बोलणारा खोत जास्त वाईट, हे गावाला माहीत होतं, पण गाव आपलं कामात.

आता नीट ऐका, कारण खोताचं डोकं कुठे चाललं ते कळायला नांदखारची एक रीत माहीत हवी. शुभ शुक्रवारी, म्हणजे प्रभू क्रुसावर मेला त्या दिवशी, गावात कोणी लोखंडाला हात लावत नसे. खिळा ठोकायचा नाही, कोयता उचलायचा नाही, कुदळ मातीत घालायची नाही. ज्या दिवशी देवाच्या हातात खिळे ठोकले त्या दिवशी जमीन खणली तर जमिनीतून रक्त येतं, असं म्हणत. विळीवर भाजीसुद्धा चिरायची नाही. सकाळी पेज प्यायची, दुपारी देवळात जायचं आणि ज्या तीन तासांत प्रभू क्रुसावर तळमळला तेवढा वेळ गुडघ्यावर राहायचं. घंटा बंद, वाजंत्री बंद, पोरंसुद्धा रडायची बंद. आणि तो सण येतो नेमका पुनवेच्या आसपास, म्हणजे खाडीला उधाण. त्या वर्षी तर उधाणाची भरती अगदी त्या तीन तासांतच होती. खोताने हे सगळं एकावर एक ठेवून पाहिलं. त्या दिवशी बांध फुटला तर अख्खं गाव गुडघ्यावर, आणि उठलं तरी कुदळ उचलणार कोण?

राहता राहिली रेजिनबाय. खोत फादरांकडे गेला. म्हणाला, "फादर, ही बाई शुभ शुक्रवारीसुद्धा बांधावर असते. तुम्ही पाद्री आहात की कोण? गावाला काय वळण लागेल?" फादर बिचारे सरळ. ते बांधावर गेले आणि रेजिनबायला म्हणाले, "वर्षातला एक दिवस मागतो, रेजिन. तीन तास. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी ये."

फादर कधी असं मागत नसत. रेजिनबायने शुक्रवारी सकाळी झडप तपासली, फटी चिखलाने लिंपल्या, हातपाय धुतले, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि उघाडी हातात घेतल्यापासून पहिल्यांदा शुभ शुक्रवारी देवळात जाऊन गुडघे टेकले. बायकांनी तोंडात बोटं घातली. पहिल्या बाकावर मिंगेल खोत हात जोडून, डोळे मिटून, नुसता भक्तीचा पुतळा.

देवळात त्या दिवशी वेदीवरचं सगळं काढून ठेवतात. मेणबत्त्या नाहीत, फुलं नाहीत. पवित्र भाकरी ठेवायची पेटी सताड उघडी आणि रिकामी. फादर काळ्या झग्यात, अनवाणी. एवढी शांतता की भिंतीवरच्या पालीचं पाऊल वाजावं.

आणि त्या शांततेत रेजिनबायने ते ऐकलं. बांध तिथून चांगला लांब. पण घंटा नव्हती, गाणं नव्हतं, बैलाच्या गळ्यात घुंगरू नव्हतं. उघाडीतून पाणी उलटं आत येताना एक आवाज करतं, घशात घरघर लागल्यासारखा. तो तिने ऐकला. तो आवाज तिला तिच्या आत, काळजाखाली ऐकू आला, असं म्हणतात.

ती उभी राहिली. "उघाडी सुटली!"

सगळी डोकी वळली. फादर म्हणाले, "रेजिन, बस खाली."

ती बसली नाही. धावत बाहेर गेली. देवळाच्या मागून शेताकडे जाणारा पाण्याचा पाट होता. उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत असायचा. त्यात आता करडं पाणी चढत होतं, वर फेस, फेसात खाडीचे बारीक मासे. पाट काठोकाठ भरला की पाणी शेतात पसरणार. तिने ओंजळ भरली, तशीच आत आली आणि सगळ्यांच्या मधे उभी राहिली.

"चाखा. ज्याला खोटं वाटत असेल त्याने चाखा."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग फादरांकडे. कोणाचा हात गळ्यातल्या क्रुसावर गेला. पाणी शेतात गेलं तर घर जाईल हे सगळ्यांना कळत होतं, पण आज शुक्रवार होता. आज कुदळ कशी उचलायची? त्यांच्या बापजाद्यांनी कधी उचलली नव्हती.

खोत उठला. शांतपणे म्हणाला, "आज? देवाच्या मरणाच्या दिवशी माती खणायची? जे झालं ती देवाची मर्जी. बसा सगळे."

रेजिनबायच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं. ती इतकी चिडली की तिचा आवाज फाटला.

"देवाची मर्जी! त्या दिवशी पण प्रभूला क्रुसावर धाडून एक जण असाच म्हणाला होता, माझा ह्यात काही संबंध नाही. हात धुतले आणि बसला. तुम्ही सगळे आज तेच करायला आलाय का इथे? तीन तास गुडघे टेकून हात धुवायला?"

"रेजिन!" फादर म्हणाले.

"फादर, तुम्ही बोलावलंत म्हणून आले. तुमचा शब्द मोडला नाही. आता माझं ऐका. ही पेटी उघडी आहे. आत काही नाही. आज देव घरात नाही असं तुम्हीच सांगता ना? मग ही दारं कोणासाठी राखताय?"

आणि ती वळली ती थेट देवळाच्या दारांकडे.

त्या दारांची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. जाड सागवानी दोन फळ्या, बाहेरच्या अंगाला कोरीव काम, आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत कोरलेलं, "मिंगेल खोत यांजकडून देवाला." चार गडी लागले होते बसवायला. रेजिनबायने पदर खोचला, एका दाराखाली खांदा घातला आणि जोर लावला. दार कुरकुरलं. कोणी म्हणालं, वेड लागलं. कोणी म्हणालं, अरे, खिळे उपटील ती, आजच्या दिवशी खिळे!

तेवढ्यात फादर दुआर्तांनी घसा खाकरला. ते हळूच म्हणाले, "त्या दारांना बिजागऱ्या नाहीत. दगडाच्या खाचेत बसवलीत. सरळ वर उचलली की निघतात. खिळ्याला हात लावावा लागत नाही."

देवळात क्षणभर कोणाला कळेना, हे फादरच बोलले का. मग मागच्या बाकावरून बस्त्याव उठला. जुजेचा भाऊ, वहिनीच्या घरचं पाणी न पिणारा. तो दाराच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि वाकला.

"खांद्यावर घे," रेजिनबाय त्याला म्हणाली. "आजच्या दिवशी प्रभूने पण लाकूडच खांद्यावर घेतलं होतं."

दार वर उचललं गेलं ते कापसासारखं उचललं गेलं, असं म्हणतात. ते काही खरं नसावं. बस्त्यावचा खांदा त्यानंतर जन्मभर दुखत होता. पण उचललं हे खरं, आणि ते उचललं गेलेलं बघितल्यावर सगळ्या देवळाला पाय फुटले. दुसरं दार बायकांनी घेतलं. मिरवणूक निघाली. पुढे दोन दारं, मागे काळ्या झग्यातले अनवाणी फादर आणि त्यांच्या मागे अख्खं नांदखार, उन्हाने तापलेल्या मातीतून धावत. मेलेल्या प्रभूची मिरवणूक संध्याकाळी निघायची असते. त्या वर्षी ती दुपारीच निघाली म्हणा.

बांधावर जाऊन बघतात तर झडप उपटून टाकलेली, आणि शेजारी बांधाला पहारीने मोठं खिंडार पाडलेलं. खोताच्या मिठागरावरचे गडी होडीतून पलीकडे चालले होते, पाठमोरे. त्यांना शिव्या घालायलाही कोणाला वेळ नव्हता. खाडी आत घुसत होती.

एक दार उघाडीच्या तोंडाला लावलं. दुसरं खिंडाराला. पण पाणी ते दार उभं राहू देईना. तेव्हा रेजिनबाय आतल्या बाजूने पाण्यात उतरली, दाराला पाठ लावली, दोन्ही हात दोन्ही काठांना पसरले आणि पाय चिखलात रोवले. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. ती ओरडली, "बघत काय उभे राहिलात? चिखल घाला!"

आणि आता माणसांची गंमत बघा. घराकडून कुदळी आणायला कोणी गेलं नाही. लोखंडाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. त्यांनी हातांनी चिखल उपसला. करवंट्यांनी उपसला. कोणी देवळातलं दान गोळा करायचं लाकडी ताट घेऊन आला होता, त्याने ताटानेच उपसला. फादर दुआर्तांनी काळ्या झग्याचा ओचा केला, त्यात चिखल भरला आणि दाराच्या बुडाशी ओतला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. रेजिनबाय पाण्यातून हे बघत होती. ती म्हणाली, "फादर, आज झग्याचा रंग बरोबर आहे." आणि त्या तशा वेळीही फादरांना हसू फुटलं.

पाणी तिच्या हनुवटीला लागलं. बस्त्याव ओरडला, "वहिनी, बाहेर ये!" ती म्हणाली, "झडप सोडून कोण जातं?" मग पाणी ओठांना लागलं, आणि तिला बोलता येईना, तेव्हा ती डोळ्यांनीच लोकांना दटावत राहिली. त्या डोळ्यांना भिऊन खाडी थांबली, असं म्हणतात. त्या दिवशी ओहोटी घटकाभर आधीच लागली, सगळं गाव शपथेवर सांगतं. रेजिनबाय मात्र पुढे कधी कोणी हे बोललं की चिडायची. म्हणायची, "ओहोटी वेळेवरच लागली. तुम्ही वेळेवर आलात, ते आश्चर्य."

तिला बाहेर काढलं तेव्हा पाठीवर दाराचं कोरीव काम उमटलं होतं. पाटात खारं पाणी होतं, शेताच्या कडेला थोडं शिरलं होतं, तेवढंच. शेत वाचलं होतं. लोक बांधावर बसले, चिखलाने माखलेले, आणि कोण का कोण जाणे, एकाने देवळातलं तीन तासांचं गाणं म्हणायला सुरुवात केली. राहिलं होतं ना ते. सगळ्यांनी तिथेच बसून पुरं केलं.

मग खोत आला. घोड्यावरून आला. बांधात उभी असलेली आपली दारं बघून त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"ही माझी दारं आहेत. देवाला दिलेली. काढा आत्ताच्या आत्ता!"

रेजिनबाय ओल्या लुगड्यात कुडकुडत बसली होती. बस्त्यावने तिला आपलं उपरणं दिलं होतं. ती उठली, दाराकडे गेली आणि कोरलेल्या अक्षरांवरचा चिखल पदराने पुसला. सगळी अक्षरं लख्ख दिसू लागली.

"तुझीच आहेत, मिंगेल. नाव तुझंच आहे, बघ. येणाराजाणारा वाचील, नांदखारचा बांध मिंगेल खोताने वाचवला म्हणून. आता तूच काढणार का? सगळ्यांसमोर?"

सगळं गाव उभं राहिलं. कोणाच्या हातात लोखंड नव्हतं, नुसते चिखलाचे हात. खोताने घोडा वळवला. तो जो गेला तो पुढे मिठागराचं नाव काढायला परत आला नाही. पहिल्या बाकावर बसायलाही आला नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी देऊळ उघडंच होतं, दारं नव्हतीच. पहाटेचं ऊन सरळ वेदीपर्यंत आलं, कुत्री आली, एक वासरू आलं. फादर म्हणाले, थडग्याचा धोंडा हटला तेव्हाही असंच झालं असेल. दारं चिखलात पक्की होईपर्यंत काढायची नव्हती, आणि मग काढायचं कोणाच्या मनातच आलं नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण खोत गप्प बसला नाही. त्याने वरच्या कोणा मोठ्या पाद्रीला आणलं. गलेलठ्ठ, छत्रीखाली चालणारा. त्याने गाव जमवलं आणि सांगितलं, शुभ शुक्रवार मोडला, देवळाची दारं मोडली, बाईने सगळ्यांदेखत गुडघे टेकून माफी मागावी. नाहीतर तिला पवित्र भाकरी नाही.

गाव घाबरलं. बस्त्याव म्हणाला, "वहिनी, माग ना. एक शब्द तर आहे. शेत वाचलं, आता तुझं काय जातं?"

रेजिनबाय पुढे आली. गुडघे टेकले तिने, हो, टेकले. म्हणाली, "माझी पापं पुष्कळ आहेत. जीभ वाईट आहे. जुजे गेला तेव्हा देवाला शिव्या दिल्यात. ह्या बस्त्यावला वाईट चिंतलंय. सगळ्यांची माफी मागते." मग मान वर करून म्हणाली, "पण त्या शुक्रवारची नाही. ते पापांत धरायला सांगाल तर मरेपर्यंत नाही. भाकरी देऊ नका. मी भाकरीसाठीच उभी होते तिथे."

मोठा पाद्री काही बोलणार, तेवढ्यात फादर दुआर्त पुढे आले आणि तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले. म्हणाले, "माझा झगाही चिखलात भरला होता. मलाही देऊ नका." मग बस्त्याव बसला. मग बायका. मग एकेक करून सगळं नांदखार. शेवटी उभा राहिला तो एकटा मोठा पाद्री आणि त्याची छत्री धरणारा. मग त्याने छत्री मिटायला सांगितली आणि ओहोटी बघून परत गेला. पुढे काय झालं कोणी सांगत नाही. फादरांनी पुढच्या रविवारी रेजिनबायला भाकरी दिली आणि तिने घेतली.

रेजिनबाय पुढे खूप जगली. किती, ते सांगायला नकोच. बांधावरच तिचे केस पांढरे झाले. ती गेली तेव्हा उधाणाची भरती होती, आणि तिला पुरायला निघालेली माणसं आधी झडप टाकून मग स्मशानात गेली. कोणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. बस्त्याव म्हणाला, नाहीतर तीच आधी रागावली असती.

आता नांदखारला पूल आहे, रस्ता आहे, देवळाला नवी दारं आहेत. पण आजही शुभ शुक्रवारी, तीन तासांच्या आधी, ती नवी दारं वर उचलून काढतात. खिळ्याला हात लावत नाहीत. खांद्यावर घेऊन बांधावर नेतात आणि भरती उतरेपर्यंत बांधाला टेकवून ठेवतात. पाद्री अनवाणी मागून येतो. मग प्रत्येक जण, म्हातारा असो की कडेवरचं पोर, ओंजळभर चिखल बांधावर घालतो. पहिली ओंजळ खोताच्या घरातली, तसाच रिवाज पडलाय. भारी कपडे घालून शहरातून आलेली मंडळीही असतात, तीही घालतात. अख्ख्या मुलखात त्या दिवशी कोणी हात हलवत नाही, आणि नांदखार तेवढं चिखलात.

कधी एखादा पाहुणा बघून चरकतो. विचारतो, "आजच्या दिवशी माती उपसता? पाप नाही लागत?"

नांदखारची बाई वर बघतसुद्धा नाही. हात चिखलात तसेच ठेवून म्हणते, "लागू दे. तू धर इकडून."